किती गोड करायचं?

माझ्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर बुटांचं एक खोकं आहे. आत एक छोटा वजनकाटा, रबरी हातमोजे, ग्लिसरीनची मोठी बाटली, प्रॉपिलीन ग्लायकोलची त्याहून लहान, निकोटिनच्या दहा-दहा मिलिलिटरच्या चार बाटल्या, आंबा, लिची आणि वेलचीचे अर्क, आणि ड्रॉपर लावलेली बोटभर उंचीची एक बाटली. तिच्यावर मी मार्करने ‘गोड’ असं लिहिलंय. बाकी सगळ्यांवर दुकानाची इंग्रजी लेबलं आहेत. मराठी एवढीच.

हा लेख त्या बाटलीबद्दल आहे. व्हेपचं लिक्विड घरी बनवताना त्यात गोडवा कशाचा घालायचा आणि किती, एवढाच प्रश्न. चहात साखर किती, याच्यापेक्षा फार मोठा वाटू नये असा. मलाही वाटला नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं हे सगळं गुन्हा आहे. इथे ते कायदेशीर आहे. नियम आहेत, पण दुकानात जाऊन साहित्य आणता येतं. त्यामुळे हा ‘घरच्या घरी करून पाहा’ छापाचा लेख नाही. तुम्ही सिगारेट ओढत नसाल तर यातलं काहीही सुरू करू नका. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाहीये. पुढे वाचलंत की कळेल.

टपरी ते वजनकाटा

मी पहिली सिगारेट पुण्यात कॉलेजमागच्या टपरीवर ओढली. एकोणीस वर्षांची होते. एक कटिंग, एक सुट्टी, दोघींत अर्धी-अर्धी. मुलगी सिगारेट ओढतेय म्हणून वळून बघणारे लोक आणि त्यांना न घाबरण्याची मजा, हे त्या धुरापेक्षा जास्त चढायचं. शिक्षण संपलं, मजा ओसरली, सिगारेट राहिली. इथे आले तेव्हा दिवसाला दहा होत्या.

सोडायचे सगळे प्रकार करून झाले. च्युइंगम, पट्ट्या, अ‍ॅप, आईची शपथ. शेवटी व्हेप घेतलं. इथली आरोग्ययंत्रणा सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना व्हेपचा पर्याय उघडपणे सुचवते. २०२३मध्ये सरकारनं दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच देण्याची योजना जाहीर केली होती. हिशेब सरळ आहे. सिगारेटमधला माणसाला मारणारा बहुतेक भाग हा जळण्यातून येतो. टार, कार्बन मोनॉक्साइड आणि त्यांचं गणगोत. व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. निकोटिन मिळतं, म्हणजे व्यसन तिथंच राहतं, पण धूर जातो. सुरक्षित नाही, सिगारेटपेक्षा कमी घातक आहे. या दोन विधानांच्या मधल्या फटीत मी गेली तीन वर्षं राहतेय.

तयार लिक्विड महाग पडायला लागलं तेव्हा घरी मिसळायला लागले. नोकरीनं मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मोजणं, नोंदवणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणं हे हातात बसलेलं. वही केली. तारीख, प्रमाण, शेरा.

पहिल्या आंब्याच्या मिश्रणापुढचा शेरा असा आहे: ‘रॉकेलात बुडवलेली कोय.’

गोड कशानं

आंब्याच्या अर्काला आंब्याचा वास असतो, गोडी नसते. आपल्याला ‘चव’ वाटते त्यातलं बरंचसं काम नाकाचं असतं, पण जिभेनं ‘गोड’ म्हटल्याशिवाय नाक जे सांगतं त्यावर मेंदूचा विश्वास बसत नाही. नुसता वास असला की आंबा अत्तरासारखा लागतो. ग्लिसरीन मुळात जरासं गोड असतं. त्याचं नावच ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. आपल्याकडे थंडीत फुटलेल्या ओठांना लावतात तेच ते. ओठ चाटला की कळतंच. पण तेवढं पुरत नाही.

मग पर्याय उरतात. साखर किंवा गूळ घालून चालत नाही. तापलेल्या कॉइलवर त्यांचा पाक होतो, मग कोळसा. इथाइल माल्टॉल नावाची एक पूड आहे, तिला म्हातारीच्या केसांचा, करपू लागलेल्या साखरेचा वास येतो. ती जिभेला गोड लागतेच असं नाही, नाकाला गोडीचा भास करून देते. जास्त पडली की बाकीचे सगळे वास दाबून टाकते. स्टीव्हिया कडवट शेपूट सोडते. आणि मग सुक्रालोज. जिभेला थेट गोड, दोन थेंबांत काम तमाम.

मी आधी दोन आठवडे बिनगोडाचं ओढलं. तत्त्व म्हणून. सोडायचंच आहे तर लाड कशाला? त्या दोन आठवड्यांत मी दोनदा दुकानात जाऊन सिगारेटचं पाकीट घेतलं. तिसऱ्या आठवड्यात सुक्रालोज घातलं. वहीत शेरा आहे: ‘आमरस!’ पुढे उद्गारचिन्ह आहे, आणि त्यानंतर आजपर्यंत मी एकही सिगारेट ओढलेली नाही.

म्हणून गोडाला नावं ठेवणाऱ्यांचं मी चटकन ऐकत नाही. त्या दोन थेंबांनी मला बाहेर काढलंय.

फडणीसांची चूक

सुक्रालोज सापडलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे एक तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून तयार केलेल्या संयुगांवर काम करत होते. सांगतात असं, की एका संयुगाची ‘टेस्ट’ करायला सांगितली गेली आणि फडणीसांनी ऐकलं ‘टेस्ट’च, पण चव घेण्यातलं. देवनागरीत तर दोन्ही सारखंच दिसतं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं. साखरेपेक्षा सुमारे सहाशे पट गोड.

त्या खोलीत एक मराठी आडनाव होतं, याचा मला उगाच अभिमान वाटतो. परदेशात इंग्रजी शब्द चुकीचा ऐकून गोंधळ घालणाऱ्या आम्हा सर्वांचे ते आद्यपुरुष.

कृत्रिम गोडव्यांच्या इतिहासात अशा चुका खूप आहेत. सॅकरिन १८७९मध्ये सापडलं ते कॉन्स्टान्टिन फाल्बर्ग हात न धुता जेवायला बसला म्हणून. १९३७मध्ये मायकेल स्वेडा या अमेरिकन विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेच्या टेबलावर सिगारेट ठेवली, पुन्हा ओठांत धरली आणि ती गोड लागली. ते सायक्लामेट होतं. सिगारेट आणि कृत्रिम गोडवा यांची गाठ तिथंही पडलेली आहे.

पण फडणीसांनी ते जिभेवर ठेवलं होतं, छातीत ओढलं नव्हतं. फरक इथे आहे. सुक्रालोज खाल्लं तर त्यातलं बरंचसं शरीर तसंच बाहेर टाकतं. ते खाण्यासाठी तपासलं गेलंय, तापवून श्वासात घेण्यासाठी नाही. २०१९मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी व्हेपच्या लिक्विडमध्ये सुक्रालोज घालून पाहिलं, तेव्हा वाफेत अल्डिहाइडं वाढलेली आढळली, शिवाय क्लोरीनवाली संयुगंही. जितकं सुक्रालोज जास्त, तितका हा त्रास जास्त. कॉइलवर काळा थर जमतो तो तर मी दर आठवड्याला डोळ्यांनी बघते.

पोटाला चालतं ते छातीला चालेलच असं नाही, हा धडा जगानं महागात शिकलाय. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल खाण्यात निर्धोक मानलं जातं. पण अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार त्याची वाफ हुंगत राहिले आणि त्यांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या निकामी झाल्या. २०००च्या सुमारास ते उघडकीला आलं. २०१९मध्ये अमेरिकेत व्हेप करणारी माणसं अचानक आजारी पडू लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्यतः गांजाच्या बेकायदा काडतुसांमध्ये घट्टपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट त्याच्याशी जोडलं गेलं. व्हिटॅमिन! आपण ज्याच्या गोळ्या खातो ते.

तर स्वतःपुरता माझा हिशेब असा होता: हे थेंब धोकादायक असू शकतात, पण ते नसले तर मी सिगारेटकडे परत जाते, आणि ती नक्की धोकादायक आहे. कमी वाईट निवडलं. माझी छाती, माझा निर्णय. इथे कुणी तिसरं नव्हतंच.

असं मला वाटत होतं.

मिशरी

माझी आजी मिशरी लावायची. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि ‘जरा दात शिवशिवतायत’ म्हणून मधे चार वेळा. गावातल्या निम्म्या बायका लावायच्या. तिला कुणी व्यसन म्हणत नसे. बाईनं विडी ओढली असती तर गाव गोळा झालं असतं. मिशरी म्हणजे दात घासणं.

मी सहा वर्षांची असताना त्या डबीत बोट घातलं. तोंडात घातल्याबरोबर जीभ भाजल्यासारखी झाली, मग गरगरलं, मग अंगणात ओकले. आजीनं पाठ चोळली, गूळ-पाणी दिलं आणि हसत म्हणाली, “कडू हाय म्हणून तर बरं हाय. पोरंसोरं हात लावीत न्हाईत.”

ते वाक्य तेव्हा विनोद म्हणून लक्षात राहिलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं एकदा मिशरी सोडायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी डबी परत आली. कडूपणानं तिला एक दिवसही अडवलं नाही, कारण ती आत होती. मला अडवलं, कारण मी बाहेर होते.

त्याच वयात मी फँटमच्या गोड सिगारेटी दोन बोटांत धरून हिरोसारखा धूर सोडायचा अभिनय करायचे. लग्नात मुठीनं गोड सुपारी खायचे. त्या बाजूच्या भिंतीला दार होतं, आणि ते गोडाचं होतं.

रेवती

रेवती माझी फ्लॅटमेट. नाव बदललंय. कोल्हापूरची, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मास्टर्सला आलेली. आयुष्यात सिगारेटला हात न लावलेली. मी खिडकीत उभी राहून ओढायचे तेव्हा ती नाक मुरडायची.

मे महिना होता. घरून आंब्याच्या पेट्यांचे फोटो येत होते. इथल्या दुकानात हापूसची पेटी दिसली होती, पण किंमत बघून आम्ही दोघी हसून परत आलो होतो. त्या रात्री मी नवीन बाटली केली: आंबा, किंचित वेलची, आणि ‘गोड’चे नेहमीपेक्षा दोन थेंब जास्त. सणच तो. रेवती खोलीतून बाहेर आली. “अगं, आमरसाचा वास येतोय! कशाचा?” मी हसून व्हेप दाखवलं. ती म्हणाली, “बघू?”

आणि मी दिलं.

मी फार विचार केला नाही, एवढंच सांगू शकते. घरापासून लांब असलेल्या मुलीला आईच्या स्वयंपाकघराचा वास द्यावा, इतकंच मनात होतं. ती खोकली, हसली, पुन्हा एक ओढला. डोळे मिटून म्हणाली, “गोडंय गं.” दुसऱ्या आठवड्यात ती अभ्यासाच्या मधे खिडकीशी यायला लागली. महिन्याभरात तिनं स्वतःचं व्हेप घेतलं. जुलैच्या शेवटी एका सकाळी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, तिचा मेसेज आला: “आमरस संपला. आज करशील ना? प्लीज, आजच.”

ते ‘आजच’ मी ओळखलं. टपरी बंद असताना मी जे ‘आजच’ म्हणायचे, तेच ते.

कंपनीचा युक्तिवाद

त्या दिवशी मी स्वतःचा बचाव करून पाहिला. ती चोवीस वर्षांची आहे. मी जबरदस्ती केली नाही. मी हे सिगारेट सोडण्यासाठी बनवते, इतर कुणासाठी नाही. गोडवा मोठ्या माणसांनाही आवडतो.

मग लक्षात आलं, ही वाक्यं मी कुठेतरी वाचलीत. शाळकरी मुलं फळांच्या आणि मिठाईच्या स्वादांच्या मागे लागली म्हणून सरकारांनी जाब विचारला की व्हेपच्या धंद्यातून हेच उत्तर येतं: आमचा माल धूम्रपान सोडणाऱ्या प्रौढांसाठी आहे. मला ते नेहमी ढोंगी वाटायचं. आता तोच युक्तिवाद माझ्या तोंडात होता, आणि माझ्या बाबतीत तो खरा होता! मी खरंच सोडण्यासाठीच बनवत होते. हेतू खरा असून भागत नाही, हे मला तिथं कळलं. थेंबाला हेतू कळत नाही. जो थेंब मला सिगारेटपासून लांब नेतो, तोच थेंब रेवतीला निकोटिनजवळ आणतो. आत असलेल्यासाठी गोडवा बाहेर पडायची पायरी असते. बाहेर असलेल्यासाठी तोच आत शिरायचा उंबरठा.

म्हणून ‘सुक्रालोज चांगलं की वाईट’ हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. कुणाच्या तोंडात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि बाटली एकदा बनली की ती कुणाच्या तोंडात जाईल, हे बनवणाऱ्याच्या हातात पूर्णपणे राहत नाही. पण माझ्या बाबतीत तेवढंही म्हणता येत नाही. माझ्याकडून बाटली हरवली नव्हती. ती मी हातात दिली होती.

मग उलट टोकाला जावं का? सगळं कडू करावं, आजीच्या मिशरीसारखं? त्यानं पुढची रेवती वाचेल कदाचित. पण त्या दोन आठवड्यांत दोनदा पाकीट घ्यायला गेलेली मी? माझ्यासारखे कितीतरी? बाहेरच्यांना वाचवण्यासाठी आतल्यांची पायरी काढून घेणं सोपं असतं, कारण आतले लोक आधीच ‘वाया गेलेले’ मानलेले असतात. आजीकडे कुणी असंच पाहिलं. तिला कडू ठेवलं, आणि तिचं काय होतंय हे विचारायचं राहून गेलं.

दोन बाटल्या

पहिला विचार आला तो चोरट्या उपायाचा. रेवतीच्या बाटलीत गुपचूप निकोटिन कमी करत जावं. तिला कळणारही नाही, गोडवा झाकून घेईल. वहीत तक्ताही काढला. मग पेन थांबलं. जिभेला फसवून दुसऱ्याच्या शरीरात काय जातं ते आपण ठरवायचं, याच गोष्टीची तर मला लाज वाटत होती. चांगल्या कारणासाठी तेच पुन्हा?

म्हणून बोलले. चहा केला, खोकं टेबलावर ठेवलं, प्रत्येक बाटली दाखवली. कशानं काय होतं ते सांगितलं. “मी तुला ते द्यायला नको होतं. चूक माझी आहे.”

ती चिडली. मला अपेक्षित होतं तसं नाही, वेगळ्याच मुद्द्यावर. “म्हणजे तू गोड करून सुटलीस, आणि मी कडू पिऊन शहाणी व्हायचं? आणि मी काय कुक्कुलं बाळ आहे, तू दिलंस म्हणून घेतलं?” दोन्ही प्रश्न खरे होते. पहिल्याला माझ्याकडे उत्तर होतं, दुसऱ्याला नाही. ती बाळ नाही. तिनं घेतलं, हा तिचा निर्णय. मी गोड करून दिलं, हा माझा. एकाची जबाबदारी मान्य केली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. आपल्याला सवय असते जबाबदारीची पोळी करायची, एकाला मोठा तुकडा गेला की दुसऱ्याला लहान. ती तशी वाटली जात नसावी.

शेवटी दोघींनी मिळून ठरवलं ते असं. तिच्या बाटलीत गोडवा राहील, पण निकोटिन दर दोन आठवड्यांनी कमी होईल, आकडा लेबलवर लिहून, तिच्याच अक्षरात. तिला सवय अजून नवी आहे. निकोटिन गेलं की नुसत्या आमरसाच्या वाफेचा कंटाळा यायला वेळ लागणार नाही, असा आमचा अंदाज. माझ्या बाटलीत उलटं: निकोटिन सध्या आहे तेवढंच, गोडवा कमी. कारण माझी अडचण आता सिगारेट नाही. रात्री तीनला जाग आली की हात उशीखाली जातो, ही आहे. सिगारेटला निदान संपण्याची शिस्त होती, थंडीत बाहेर जावं लागायचं, घसा खवखवायचा. आमरसाला कुठेच थांबा नाही. ज्या गोडानं मला बाहेर काढलं, तोच आता मला उंबऱ्यावर बसवून ठेवतोय.

आज रेवतीच्या लेबलवर ३ आहे, सुरुवातीला ९ होता. मधे एकदा तिनं परीक्षेच्या आठवड्यात आकडा परत ६ केला, मला न विचारता, पण लेबलवर प्रामाणिकपणे लिहून. माझे थेंब सहावरून दोनावर आलेत. दोनाच्या खाली गेले की पुन्हा कोय आणि रॉकेल लागायला लागतं. मी तिथेच अडकलेय. अडकलेय, आणि सिगारेट ओढत नाहीये. दोन्ही खरं आहे.

मागच्या आठवड्यात ऑफिसातला एक नवा मुलगा बाहेर माझ्याशेजारी उभा राहिला. “वास भारी आहे,” म्हणाला, “एक ओढू?”

मी विचारलं, “सिगारेट ओढतोस?”

“नाही.”

मी व्हेप खिशात ठेवलं. तो जरा ओशाळला, मीही. मग आम्ही दोघं आत जाऊन चहा प्यायलो. त्यानं विचारलं, साखर किती?

हा प्रश्न आधी विचारायचा असतो, एवढं मी शिकलेय.